बँडमास्तरांचं क्लॅरिनेट: दुरुस्तीच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२४

क्लॅरिनेट आज हातात आलं. तासगावकडच्या एका लग्नाच्या बँडचे मास्तर ते वाजवायचे. मास्तर गेले, बँड मोडला आणि पेटी माळ्यावर गेली. त्यांचा नातू सांगलीत कॉलेजला आहे, बासरी बरी वाजवतो. "काका, वाजेल का हो हे? नसेल वाजत तर पॉलिश तरी करून द्या, शोकेसमध्ये ठेवतो," म्हणाला. शोकेससाठी मी वाद्य घेत नाही. वाजवणार असशील तरच ठेवून जा, असं त्याला सांगितलं. ठेवून गेला.

पेटीत डांबराच्या गोळ्या आणि आजींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. त्यात गुंडाळलेले पाच भाग: माउथपीस, बॅरल, वरची नळी, खालची नळी, भोंगा. लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड, म्हणजे आपल्या शिसवीच्याच कुळातलं. चाव्या जर्मन सिल्व्हरच्या. भोंग्यावरचा शिक्का भिंगाखाली वाचता येतो: हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन. ही कंपनी १९३० मध्ये बूझी कंपनीत विलीन होऊन बूझी अँड हॉक्स झाली, तेव्हा वाद्य त्याआधीचं. आजी सांगतात की मास्तरांच्या वडिलांनी ते बेळगावच्या छावणीतून निवृत्त झालेल्या एका बाजेवाल्याकडून घेतलं.

रचना अल्बर्ट पद्धतीची आहे. तेरा चाव्या, आणि कड्या (छिद्राभोवतीची, बोटाबरोबर दबणारी धातूची वर्तुळं) दोनच, त्याही खालच्या नळीवर. आज दुकानात मिळतं ते बोएम पद्धतीचं असतं. ती पद्धत वादक क्लोझे आणि वाद्य बनवणारे ब्यूफे यांनी पॅरिसमध्ये १८३९ ते १८४३ या काळात बसवली. तिच्यात चाव्या सतरा आणि कड्या सहा. अल्बर्टमध्ये वरच्या नळीवर बोटं थेट लाकडावर पडतात. मला ही पद्धत फार आवडते, कारण पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र आजच खटकली. माझ्या नव्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटशेजारी ठेवलं तर हे जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर आखूड भरतं.

४ फेब्रुवारी

चाव्या उतरवल्या. थर्माकोलच्या तुकड्यावर वाद्याचं चित्र काढून प्रत्येक पेच त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवला. या जुन्या वाद्यांत दोन पेच सारखे दिसले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण प्रत्येकाचा आटा हाताने जुळवलेला असतो.

तीन पेच गंजून बसलेत. त्यांच्या डोक्यावर पातळ तेलाचा थेंब सोडलाय. उद्या सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवून जरा ऊब देईन. जोर लावायचा नाही. पेचाचं डोकं तुटलं तर चावी धरून ठेवणारा खांब उपटावा लागतो आणि त्याबरोबर लाकूड सोलटून निघतं.

चाव्यांखाली मास्तरांच्या दुरुस्त्या सापडल्या. चावीच्या टोकाच्या एका वाटीत पॅडऐवजी, म्हणजे छिद्र झाकणाऱ्या मऊ गादीऐवजी, सायकलच्या ट्यूबचं रबर, गोल कापून, लाखेत बसवलेलं. कातरकाम इतकं नेटकं की कंपासने आखलंय असं वाटावं. एक चपटी स्प्रिंग घड्याळाच्या स्प्रिंगमधून कापून, तापवून, वाकवून पेचाखाली बसवलेली. ती अजूनही ताठ आहे. लग्नसराईत, गावोगाव फिरताना, पॅड मिळायला मुंबई नाहीतर मेरठ गाठावं लागत असताना माणसाने हे वाद्य चालतं ठेवलं. रबर काढावं लागेल, पण घड्याळाची स्प्रिंग तशीच ठेवणार. तिच्यात काही कमी नाही.

११ फेब्रुवारी

पेच सुटले. लाकूड कोरड्या ब्रशने साफ केलं. चाव्यांच्या खांबांभोवती घाम, धूळ आणि तेल यांचं काळं किटण होतं. ते टूथपिकने खरवडलं. वाजवायच्या छिद्रांत धातूचं हत्यार घालत नाही. छिद्राची कड एक केसभर जरी बदलली तरी त्या सुराची जागा बदलते.

चीर दिसली. वरच्या नळीच्या टोकापासून निघते, मागच्या बाजूने खाली येते आणि रजिस्टर चावीच्या (अंगठ्याने दाबून वरचे सूर काढायच्या चावीच्या) छिद्राशी थांबते. क्लॅरिनेटला चीर बहुधा वरच्या नळीच्या टोकाकडेच जाते. फुंकरीतला ओलावा आतून लाकडाला फुगवतो, बाहेरून ते कोरडंच असतं, आणि ताण वरच्या टोकाला सगळ्यात जास्त. या वाद्याने किती लग्नांत उन्हातान्हात वरात काढली असेल, तो विचार करता चीर एकच आहे हे नशीब.

चीर आरपार आहे का ते पाहिलं. नळीचं खालचं तोंड आणि सगळी छिद्रं बंद केली, वरून हळू हवा भरली आणि चिरेवर साबणाचं पाणी लावलं. रजिस्टर छिद्राच्या जवळ बारीक बुडबुडे आले. म्हणजे आरपार आहे, पण एवढ्याशा लांबीतच.

१८ फेब्रुवारी

मिरजेला गेलो. क्लॅरिनेट दुरुस्त करणारं तिथे कुणी नाही, पण लाकूड, लाख आणि सूर यांचं ज्ञान जेवढं सतारमेकर गल्लीत आहे तेवढं जवळपास कुठे नाही. तंबोऱ्याचे भोपळे तडकतात, सांधे उकलतात, आणि ही मंडळी ते असे जुळवतात की बोट फिरवूनही जागा कळत नाही. एका बुजुर्ग कारागिरांना वरची नळी दाखवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून आतून पाहिली, मग टोकाला नख मारून आवाज ऐकला.

"लाकूड अजून बाहेरच्या बाजूनं सुकलेलं नाही, आतनं सुकलंय," म्हणाले. "आधी तेल पाजा. मग चीर भरा. उलटं केलंत तर तेल प्यायल्यावर नळी फुगेल आणि शेजारी दुसरी चीर काढेल."

मी म्हटलं, "चाचा, पण तेल लागलेल्या चिरेत गोंद धरायचा नाही."

"म्हणून चिरेवर मेण लावून मग तेल पाजायचं," ते म्हणाले. "मेण नंतर निघतं."

येताना त्यांच्याकडूनच चपडी लाख घेतली.

२ मार्च

चाचांच्या सांगण्याप्रमाणे चिरेवर आतून-बाहेरून मेणाचा पातळ लेप दिला आणि बोअरला, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीला, बदामाचं तेल लावलं. कापडाच्या बोळ्यावर थोडं तेल, एक हात, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं, पुन्हा एक हात. पहिले काही हात लाकडाने असे शोषले की सकाळी बोळा कोरडा निघायचा. आता तेल वर राहायला लागलंय. नळी हातात घेतली की वजनातही फरक जाणवतो, आणि लाकडाचा राखाडीपणा जाऊन काळपट जांभळी झाक वर आली आहे.

पॅड वाटीत नसतानाच हे काम करून घ्यायचं. पॅडच्या पातळ पापुद्र्याला तेल लागलं तर तो छिद्राच्या कडेला चिकटतो आणि चावी उघडताना चिक् असा आवाज येतो.

१० मार्च

मेण काढलं, चिरेत स्पिरिट फिरवून ती पूर्ण वाळू दिली. रजिस्टर छिद्रात पितळेची छोटी नळी असते, ती आधी ऊब देऊन बाहेर काढली. नळीच्या टोकाभोवती दोरा आवळून चीर मिटवली. मग अगदी पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लू) चिरेच्या एका टोकाला लावलं. ते आपोआप आत ओढलं जातं, डोळ्यांदेखत काळी रेघ चिरेतून पुढे सरकते. वर त्याच जातीच्या लाकडाची बारीक पूड दाबली. पूड माझ्याकडे एका मोडक्या क्लॅरिनेटच्या बॅरलची आहे, डबीत जपून ठेवलेली. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने सपाट केलं.

खुंट्या मारून चीर शिवायची पद्धतही आहे. लाकडात आडवं भोक पाडून आट्याची सळई बसवतात. आत्ता त्याची गरज वाटत नाही. पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा चीर मिटलेली राहिली तर नळी पुन्हा उघडायची नाही. मात्र वरच्या टोकाच्या सांध्याखाली, जिथे बॅरल बसल्यावर दिसणार नाही, तिथे उथळ खाच करून रेशमी दोऱ्याचे वेढे लाखेत बसवले. तंबोऱ्याच्या डांडीला असा वेढा देतात तो मिरजेतच पाहिला होता.

१७ मार्च

सांधे. मास्तरांनी सगळे सांधे दोऱ्याने गुंडाळले होते. जुन्या काळी कारखान्यातही दोराच वापरायचे, त्यामुळे मलाही दोराच ठेवावासा वाटत होता. पण खालच्या नळीच्या सांध्यात आतून माप घेतलं तर बोअर तेवढ्याच जागी किंचित आवळलेलं निघालं. वर्षानुवर्षं घट्ट दोऱ्याचे थर चढत गेले की लाकूड दबतं. दमट हवेत लाकूड फुगायला जातं, दोरा त्याला फुगू देत नाही, म्हणून ते आतल्या बाजूला सरकतं. सुरावर त्याचा परिणाम होतो.

तेव्हा दोरा काढला आणि दीड मिलिमीटरच्या आसपासचं कॉर्क बसवलं. कॉर्कची एक कड तिरकी घासून दुसरी तिच्यावर आणायची, म्हणजे सांध्यावर उंचवटा येत नाही. मग पॉलिश पेपरने थोडं थोडं घासत जायचं. भाग हाताने फिरवून बसला पाहिजे, आणि वाद्य उलटं धरलं तरी निसटता कामा नये. मेण आणि थोडं पेट्रोलियम जेली लावून चोळलं.

माउथपीस मूळचाच आहे, एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा. उजेडात राहून तपकिरी पडलाय. तो गरम पाण्यात कधीच घालायचा नाही, एबोनाइट वाकडं होतं आणि हिरवट पडतं. थंड पाण्यात थोडं व्हिनेगर घालून आतला क्षार काढला. बाजूला दाताची खोल खूण आहे, पण टोक आणि दोन्ही कडा धडधाकट आहेत. ती दाताची खूण भरली नाही. मास्तर वरचे दात कुठे टेकवत होते ते तिच्यावरून कळतं, आणि नातवाला शिकताना ती जागा उपयोगी पडेल.

३० मार्च

पॅड आले. वाट्यांची मापं व्हर्नियरने घेऊन मागवले होते. क्लॅरिनेटचे पॅड साधारण साडेनऊ मिलिमीटरपासून सतरापर्यंत लागतात. या जुन्या वाट्या खोल आहेत, त्यामुळे नेहमीचे पॅड आत बुडतात. खाली पुठ्ठ्याच्या चकत्या द्याव्या लागणार.

पॅड म्हणजे पुठ्ठ्याच्या चकतीवर नमदा आणि त्यावर जनावराच्या आतड्याचा पारदर्शक पापुद्रा, दुहेरी. रजिस्टर चावीला मात्र कॉर्कचा पॅड केला. तिथे पाणी जास्त साचतं आणि पापुद्रा फुगतो.

लाख का, ग्लू गन का नाही, असं नातवाने विचारलं. वाटीतली लाख स्पिरिटच्या दिव्यावर नुसती पाघळली की पॅड जरा डावीकडे, जरा मागे असा सरकवता येतो, आणि थंड झाली की दगडासारखी घट्ट बसते. उद्या पॅड बदलायचा झाला तर पुन्हा ऊब द्यायची, बस. चाचांनी बजावलं होतं, "लाख जळू द्यायची नाही, नुसती पाघळू द्यायची. बुडबुडा आला की समजायचं गेली." ज्योत वाटीच्या पाठीवर, लाकडापासून लांब, आणि क्षणभरच.

७ एप्रिल

पॅड बसवणं हेच या कामातलं खरं काम आहे. बाकी सगळं सुतारकी आणि सफाई. पॅड छिद्राच्या कडेवर सगळीकडून एकाच वेळी टेकला पाहिजे. पुढून आधी टेकला आणि मागे केसभर फट राहिली, तर चावीवर बोट कितीही दाबा, खालचे सूर फाटणार.

तपासायला पतंगाच्या कागदाची अरुंद पट्टी घेतली. पॅडखाली सरकवायची, चावी नेहमीच्या जोराने मिटायची आणि पट्टी ओढायची. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. जिथे पट्टी सहज निघते तिथे फट. मग पुन्हा ऊब, पुन्हा सरकवणं. वरची नळी अशी तासाभरात लागली. खालच्या नळीवरच्या लांब चाव्या, करंगळीने चालणाऱ्या, त्या मात्र हट्टी आहेत. एवढ्या लांब दांड्यावर थोडी जरी डुल असली की वाटी दर वेळी वेगळ्या जागी बसते. दांड्याच्या नळीची तोंडं पकडीने दाबून थोडी लांबवली, तेव्हा डुल गेली.

नळीचं खालचं तोंड तळव्याने बंद करून, बोटं ठेवून, वरून हवा ओढली. वरची नळी ओठाला चिकटून राहते. खालची अजून सोडते.

२१ एप्रिल

वाजलं.

अडीच नंबरची रीड, म्हणजे माउथपीसवरची पातळ पट्टी, लावली. वरच्या नळीचे सूर आधी, मग एकेक बोट खाली. सगळी बोटं आणि करंगळीची चावी ठेवल्यावर तळाचा सूर आला तो जाड, गरम आणि स्थिर. नव्या क्लॅरिनेटला हा सूर असा लागत नाही. मास्तरांच्या घरी फोन लावून आजींना ऐकवला. त्या काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळाने म्हणाल्या, "परत वाजवा."

मग ट्यूनर लावला. फेब्रुवारीत वाद्य आखूड भरलं तेव्हाची शंका खरी निघाली: आखूड वाद्य चढं वाजतं. ट्यूनरवर मध्य ए ४४० (सेकंदाला ४४० कंपनं, आजचा प्रमाण सूर) ठेवला तर वाद्य सगळीकडे ४८ सेंटच्या (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) आसपास चढं आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर. ट्यूनरचा ए ४५२.५ वर नेला आणि काटा मधोमध आला. हा इंग्लंडचा जुना उंच सूर, हाय पिच. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत याच सुरावर वाजत होते. नंतर सगळे खाली, आजच्या सुराजवळ आले आणि उंच सुराची वाद्यं निकामी ठरली. युरोप-अमेरिकेतले दुरुस्ती करणारे अशा क्लॅरिनेटवर पैसे घालू नका असाच सल्ला देतात. बॅरल बाहेर ओढून सूर उतरवता येत नाही, कारण वरच्या छिद्रांचे सूर खूप उतरतात आणि खालचे थोडेच, सप्तक वाकडं होतं.

पियानोबरोबर, ऑर्केस्ट्रात, हे वाद्य खरोखर निरुपयोगी आहे. आपल्याकडे नाही. आपला सा कुठेही लागतो. वरची तीन बोटं आणि अंगठा ठेवून जो सूर निघतो तो सा धरला तर तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये पडतो. बाजाच्या पेटीवर ती पट्टी नाही. तंबोऱ्याला काय फरक पडतो? खुंटी पिळायची आणि मणी सरकवायचा. तबला गठ्ठ्यावर हातोडी मारून चढवायचा. सारंगी, व्हायोलिन, सगळे येतात. वाद्य आपापल्या परीने सुरेल आहे की नाही एवढंच बघायचं, आणि हे पूर्णपणे सुरेल आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला याच महिन्यात भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली. चाचांना फोन केला, आनंदात होते. क्लॅरिनेटचा सूर सांगितला तर म्हणाले, "तंबोरा घेऊन या, त्याला लावून देतो."

१२ मे

नातवाचा पहिला धडा. बासरीवाल्याला क्लॅरिनेटमध्ये एक गोष्ट आधी कळावी लागते. बासरीत फुंकर वाढवली की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच सूर येतो. क्लॅरिनेट एका बाजूने बंद असलेल्या सरळ नळीसारखं वागतं, म्हणून अंगठ्याची रजिस्टर चावी दाबली की सा चा वरचा सा येत नाही, वरच्या सप्तकातला पंचम येतो. मधली जागा भरण्यासाठीच वरच्या चाव्या आहेत. त्याने सा धरला, चावी दाबली, प आला, आणि त्याने चेहरा असा केला की मलाच मजा वाटली. मग पाच-सहा वेळा तेच करत बसला.

आणि आता त्या मोकळ्या छिद्रांची गोष्ट. कडी नसल्यामुळे बोट छिद्रावरून हळूहळू सरकवता येतं, अर्धं, पाव, आणि सूर तुटत नाही. ग वरून रे वर मींड घेताना हे थेट लाकूड बोटाखाली लागतं. नातवाने यमनमधली नि-रे-ग ची जागा बासरीच्या सवयीने सहज घेतली. आपल्या रागांना हे जुनं लष्करी वाद्य किती मानवतं ते रायचूरच्या पं. नरसिंहलु वडवाटींचं क्लॅरिनेट ऐकलेल्यांना सांगायला नको.

रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवायचं, असं त्याला निक्षून सांगितलंय. एवढी वर्षं कोरडं पडलेलं लाकूड एकदम तासभर भिजवलं तर नवी चीर पडेल. वाजवून झालं की प्रत्येक भाग वेगळा करून कापड ओढायचं. उन्हात ठेवायचं नाही, मोटारसायकलच्या डिकीत तर नाहीच. आणि हवा तापली की सूर चढतो, अंशाला साधारण तीन सेंट, म्हणून मेच्या दुपारी तंबोरा लावून घेतल्याशिवाय वाजवायला बसू नये.

२३ जून

पाऊस सुरू झाला. मला याच महिन्याची धास्ती होती. चीर भिंगाखाली पाहिली, मिटलेली आहे, पूड हललेली नाही. साबणाच्या पाण्यात बुडबुडा नाही. बॅरल मात्र फुगून घट्ट बसली होती. ओढाओढ न करता कोरड्या खोलीत ठेवली आणि संध्याकाळी सुटली. कॉर्क एक हात घासून कमी केलं.

दोन गोष्टी राहिल्यात. रजिस्टरची पितळी नळी बोअरमध्ये थोडी जास्त आत येते असं वाटतंय. वरचे सूर जाताना सूं असा श्वास ऐकू येतो. हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतर, ती काढून लांबी तपासायची. आणि करंगळीच्या खालच्या चावीचा पॅड दमट हवेत जड झालाय. तिथे चामड्याचा पॅड घालून बघणार आहे, वाटी खोल असल्यामुळे तो नीट बसेल. नातू तोपर्यंत वाजवतोय तसंच वाजवू दे. जुलैत मिरजेहून तंबोरा आणायचा आहे.